बंद पडलेला टाईपरायटर स्वस्तात कसा घ्यायचा, आणि कुठला अजिबात घ्यायचा नाही

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिक्सरची भांडी आणि कॅसेट प्लेअरच्या मधोमध एक निळसर पोर्टेबल टाईपरायटर पडला होता. भाव विचारला तर विक्रेता म्हणाला, बंद आहे साहेब, शोपीस म्हणून घ्या, बाराशे द्या. बटण दाबलं की अक्षराची काडी उठून रोलरवर आपटत होती पण कॅरेज, म्हणजे रोलर बसवलेला वरचा सरकता भाग, जागची हलत नव्हती, सगळी अक्षरं एकावर एक एकाच जागी. घासाघीस करून आठशेला घेतला, पैसे मोजून दिले आणि मग कॅरेजच्या कडेला नखाएवढी एक पट्टी असते ती मागे ढकलली, स्पेसबार पाचसहा वेळा दाबला तर कॅरेज टकटक करत सरकायला लागली आणि शेवटी घंटीसुद्धा वाजली. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ती पट्टी म्हणजे कॅरेज लॉक. मशीन पेटीत भरताना कॅरेज हलू नये म्हणून लावतात, आणि ज्या घरातून ते आलं तिथल्या आजोबांनी वीसेक वर्षांपूर्वी लावून ठेवलं असेल, मुलांना माहीतच नाही, बाजारात येईपर्यंत मशीन 'बंद' झालेलं.

माझ्याकडे आता अकरा पोर्टेबल आहेत आणि एकालाही मी चार हजाराच्या वर पैसे दिलेले नाहीत. मी काही फार मोठा जाणकार नाही, पण कुठला बिघाड नुसता दिसायला मोठा आहे आणि कुठला खरंच मोठा आहे एवढं कळलं की झालं, चालू आणि चकाचक मशीनला सगळेच पैसे मोजतात, आपण बंद घ्यायचं.

आधी पोर्टेबल म्हणजे काय ते क्लिअर करू, कारण बरेच जण पहिल्यांदा भलतंच उचलून आणतात आणि मग घरात बोलणी खातात. आपल्याकडे बाजारात जे टाईपरायटर जास्त दिसतात ते ऑफिसचे, गोदरेज, रेमिंग्टन, फॅसिट, हाल्डा. पंधरा किलोच्या आसपास वजन, टेबलावर ठेवला की टेबल वाकायचं बाकी. गोदरेजने 1955 मध्ये भारतातला पहिला टाईपरायटर बनवला आणि 2009 पर्यंत बनवत होते, त्यामुळे सरकारी कचेऱ्या, कोर्टं आणि टायपिंग इन्स्टिट्यूट यांच्यातून निघालेला माल भरपूर आहे, त्यात पुन्हा आपल्या राज्यात टंकलेखनाची सर्टिफिकेट परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि 2017 नंतर मशीनवरची परीक्षाच बंद झाली तेव्हा कित्येक इन्स्टिट्यूटनी मशीनं अक्षरशः किलोवर घातली. ती मशीनं उत्तम आहेत, घोड्यासारखी चालतात, पण ती पोर्टेबल नाहीत. पोर्टेबल म्हणजे चार ते सात किलो, स्वतःची पेटी किंवा झाकण, एका हाताने उचलून नेता येणारं. आपल्याकडे ते यायचे परदेशातून परतणाऱ्यांबरोबर, पत्रकारांकडे, वकिलांकडे, बोटीवर नोकरी केलेल्यांकडे, पारशी आणि गोवेकर घरांमध्ये. म्हणून ते मिळतातही तिथेच, जुनं घर रिकामं होतंय असं कानावर आलं की.

मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर बघायला जावं, पण घ्यायला जपून, कारण तिथल्या दुकानदारांना आता सिनेमावाले आणि कॅफेवाले गिऱ्हाईक माहीत झालंय आणि कुठलंही मशीन 'ब्रिटिश टाईम का' असतं. एकदा मला प्लॅस्टिकच्या बॉडीचं, ढळढळीत सत्तरच्या दशकातलं मशीन इंग्रजांच्या काळातलं म्हणून दाखवलं होतं. अजून एक, सोनेरी किंवा लाल स्प्रे मारलेलं मशीन दिसलं तर सरळ पुढे चालू लागा, स्प्रे मारताना आतले खाचे, स्क्रू, स्प्रिंगा सगळ्यावर रंग बसलेला असतो आणि तो काढणं म्हणजे जन्माचं काम. त्यापेक्षा ओळखीतल्या लोकांना सांगून ठेवा की मला जुना टाईपरायटर हवाय. माझे अकरापैकी पाच असेच आलेत, एक तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भंगारवाल्याचा नंबर विचारणाऱ्या बाईंकडून.

आता कुठला घ्यायचा. नावं खूप आहेत पण आपल्या खिशाला परवडणारी आणि चालणारी मोजकीच.

मला विचाराल तर पहिला पोर्टेबल ब्रदर घ्या. जपानमधल्या नगोयाच्या या कंपनीने 1961 पासून पोर्टेबल बनवले आणि प्रचंड संख्येने विकले. दिसायला काही खास नाही, संग्राहक लोक नाक मुरडतात, म्हणूनच स्वस्त. आतली रचना साधी, खालचं कव्हर काढलं की सगळं समोर दिसतं, शिकायला याच्यासारखं मशीन नाही. आणि एक गंमत माहीत असू द्या, एकच मशीन वेगवेगळ्या नावांनी विकलं जायचं. ब्रदरचंच मशीन अमेरिकेत वेबस्टर नावाने मिळायचं, तिकडच्या सिअर्सच्या दुकानात टॉवर नावाने मिळणारे बरेचसे पोर्टेबल मुळात स्मिथ-करोनाचे. नाव अनोळखी आहे म्हणून भाव कमी, पण आत ओळखीचं मशीन, आपल्यासाठी यापेक्षा चांगलं काय.

ऑलिव्हेट्टी लेटेरा 22 आणि 32 बद्दल सगळेच बोलतात. 22 हा 1950 चा, मार्चेल्लो नित्सोलीने डिझाईन केलेला, वजन चार किलोच्या आत, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये ठेवलाय. 32 हा 1963 चा, थोडा जाड, तितकाच चांगला. या मॉडेलचा भाव ऐकून घाबरायचं नाही आणि भुलायचंही नाही, याला एक मस्त उदाहरण आहे. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी 2009 पर्यंतच्या आपल्या जवळपास सगळ्या कादंबऱ्या एका लेटेरा 32 वर लिहिल्या, तो त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून 50 डॉलरला घेतला होता. 2009 मध्ये तो लिलावात 2,54,500 डॉलरला गेला, पैसे त्यांनी एका संशोधन संस्थेला दिले. आणि लिहायला काय घेतलं? तोच मॉडेल, दुसरा, वीसेक डॉलरला. म्हणजे किंमत मालकाची होती, मशीनची नव्हती. तसंच ते लाल रंगाचं सुप्रसिद्ध व्हॅलेंटाईन, 1969 चं, एत्तोरे सोत्सास आणि पेरी किंग यांचं डिझाईन, फोटोत भारी दिसतं, भाव आकाशाला, पण आतली यंत्रणा लेटेरा 32 चीच. ज्याला टाईप करायचंय त्याने 32 घ्यावा आणि उरलेल्या पैशात रिबनी, म्हणजे शाईच्या फिती, घ्याव्यात.

हर्मिस बेबी, स्वित्झर्लंडचा, 1935 चा, अगदी चपटा, लॅपटॉपच्या पिशवीत जाईल असा. हाच इंग्लंडमध्ये एम्पायर ॲरिस्टोक्रॅट म्हणून बनला, आणि आपल्याकडे इंग्रजी माल जास्त आला त्यामुळे तो दिसला तर घ्या. इम्पिरियल गुड कंपॅनियन पण इंग्लंडचाच, लेस्टर शहरातला, 1932 पासून, काळा कुळकुळीत, हा खरा ब्रिटिश टाईमचा. जर्मन ऑलिंपिया एसएम मालिका म्हणजे पोर्टेबलमधली मर्सिडीज, जड पण टाईप इतका ठसठशीत की बस, फक्त कीबोर्ड बघून घ्या.

कीबोर्ड बघा म्हणजे खरंच बघा, कारण इथे लोक फसतात. जर्मनीत विकलेल्या मशीनवर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, फ्रेंच मशीनवर ए आणि क्यू इकडचे तिकडे. आणि पोर्तुगीज मशीन तर वेगळाच प्रकार, तिथे सालाझारच्या सरकारने 1937 मध्ये स्वतःचा कीबोर्ड सक्तीचा केला होता, वरच्या ओळीत एच, सी, ई, एस, ए, आर असा. गोवा 1961 पर्यंत त्यांच्याकडे होता, त्यामुळे गोव्यातल्या जुन्या घरातून मशीन घेत असाल तर वरची ओळ आधी वाचा. मडगावला मी एक असा पाहिला आणि न घेता परत आलो, अजून चुटपुट आहे, कारण टाईप करायला निरुपयोगी असला तरी गोष्ट म्हणून काय मस्त होता.

देवनागरी पोर्टेबल बद्दल सगळे विचारतात. असतात, पण फार कमी, आणि ज्याच्याकडे आहे त्याला आता किंमत कळलीय. मिळाला तर आधी बघा की कीबोर्ड हिंदी वळणाचा आहे की मराठी, आपला ल आणि श कसा पडतो ते कागदावर उमटवून बघा, आणि मात्रा-अनुस्वाराची बटणं दाबल्यावर कॅरेज पुढे सरकता कामा नये, अक्षर आणि मात्रा एकाच घरात बसायला हव्यात. तिथे कॅरेज सरकत असेल तर ते दुरुस्त करायला जाणकारच लागतो. स्वस्तात देवनागरीच हवं असेल तर मन मोठं करा आणि ऑफिसचं जड मशीन घ्या.

बरं, आता बाजारात जाताना खिशात काय न्यायचं. चार-सहा कोरे कागद, एक टॉर्च (मोबाईलचा चालेल पण एक हात अडकतो), जुना टूथब्रश, छोटा चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत हातभर जुनी रिबन. रिबनचा तुकडा विसरू नका, कारण बाजारातल्या मशीनची रिबन नव्वद टक्के वेळा सुकून कापडासारखी झालेली असते, काही उमटत नाही, आणि मग अक्षरं झिजलीत की रिबन सुकलीय हे कळत नाही. आपला ओला तुकडा कागद आणि काडी यांच्या मध्ये हाताने धरायचा आणि बटण मारायचं.

तपासायला दहा मिनिटं लागतात, विक्रेता कटकट करेल, करू द्या. कॅरेज लॉक सोडा. कॅरेज हाताने उजवीकडे नेऊन सोडून द्या, मग स्पेसबार दाबत दाबत शेवटपर्यंत आणा, मध्ये कुठे उडी मारते का, अडते का. घंटी वाजते का. प्रत्येक बटण एकदा दाबा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, काडी उठून परत खाली पडली पाहिजे. शिफ्ट दाबून कॅपिटल अक्षर मारा आणि बघा की ते स्मॉलच्या ओळीत बसतंय की वर-खाली उडतंय. थोडं वर-खाली असेल तर तो दोन स्क्रूंचा ॲडजस्टमेंटचा खेळ आहे. कागद घालून रोलर फिरवा, कागद सरळ वर येतो की तिरका. बॅकस्पेस, मार्जिन, झालं. आणि एक, '1' चं बटण नसेल तर 'बटण तुटलंय' म्हणून भाव पाडू नका, हसतील. जुन्या पोर्टेबलवर एक नसायचाच, स्मॉल एल वापरायचा, उद्गारचिन्ह पण नसायचं, वरचा स्वल्प मारायचा, बॅकस्पेस आणि खाली टिंब.

आता मुद्द्याचं, दिसायला भयंकर पण मुळात फालतू असे बिघाड. हे दिसले की आनंद चेहऱ्यावर दाखवायचा नाही. लॉकचं वर सांगितलंच. दुसरा, काहीच उमटत नाही. बऱ्याच मशीनवर रिबनच्या रंगाची एक छोटी खुंटी असते, काळा ठिपका, लाल ठिपका आणि पांढरा. पांढऱ्यावर असेल तर रिबन वर उठतच नाही, कारण ती जागा स्टेन्सिल कापायची, म्हणजे पूर्वी सायक्लोस्टाईलवर प्रती काढायला लागायचा तो मेणकागद. खुंटी काळ्यावर आणा, चालू. तिसरा, काड्या वर जाऊन अडकून बसतात, खाली येत नाहीत. नव्वद टक्के हा चिकटपणा असतो, कुणीतरी वर्षानुवर्षं तेल घातलेलं, त्यात धूळ बसून डिंक झालेला. स्वच्छ केलं की सुटतं. चौथा, रोलर दगडासारखा कडक झालाय आणि अक्षर कागदाला भोक पाडतंय. रबर म्हातारं होतंच, कागदाच्या मागे अजून एक कागद लावा, आवाज पण कमी होतो आणि भोकं पण पडत नाहीत.

पाचवा माझा आवडता, कॅरेज अगदी मोकळी, ढकलली तर जाते पण आपणहून सरकत नाही. म्हणजे आतली दोरी तुटलीय. कॅरेजला ओढणारी एक दोरी असते, तिचं एक टोक कॅरेजला आणि दुसरं मागच्या बाजूच्या स्प्रिंगच्या डब्याला. स्प्रिंग शाबूत असेल तर हा शून्य खर्चाचा बिघाड आहे. मी पहिल्यांदा केलं ते एका जपानी पोर्टेबलवर, नऊशेला मिळालेलं. मासे पकडायचा नायलॉन दोरा आणला, जाड, साधारण जुन्या दोरीच्या जाडीचा. कॅरेज डावीकडच्या टोकाला नेली, दोऱ्याचं एक टोक डब्याच्या खाचेत गाठ मारून अडकवलं, डब्यावर गुंडाळला, मग डबा हाताने फिरवत चार वेढे ताण दिला आणि दुसरं टोक कॅरेजच्या हुकाला. म्हणजे ठरवलं असं होतं. प्रत्यक्षात तिसऱ्या वेढ्याला माझं बोट निसटलं, डबा भिंगरीसारखा फिरला, नखाखाली रक्त आणि दोरा टेबलाखाली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, काय मोडलंस. तर शिकलो असं की डबा अंगठ्याने सतत दाबून ठेवायचा आणि हुकाला अडकवायचं टोक आधीच फासाची गाठ मारून तयार ठेवायचं, शोधत बसायचं नाही. ताण किती द्यायचा याचा सोपा हिशोब, कॅरेज ओळीच्या शेवटपर्यंत स्वतःहून जाईल एवढाच, जास्त दिला तर अक्षरांमध्ये मोकळ्या जागा पडायला लागतात आणि परत ढकलताना हात दुखतो.

याच्या उलट काही बिघाड दिसायला किरकोळ, आणि तिथे हात जोडून निघायचं. काडीच्या टोकावरचा अक्षराचा ठोकळा गळालेला, एकच का असेना. तो झाळकाम करून बसवलेला असतो, परत ओळीत बसवणारा माणूस आता शोधून सापडत नाही. सगळ्या काड्या जिथे एकत्र येतात ती अर्धगोल खाचांची पट्टी असते, तिला सेगमेंट म्हणतात, तिच्यात खोल गंज दिसला तर नको. कॅरेज परत आणायचा दांडा नसेल, रोलरचे गोल खुंट नसतील, स्पूल म्हणजे रिबन गुंडाळायच्या चकत्या नसतील तर हे सुटे भाग म्हणजे दुसरं मशीनच विकत घेणं. बॉडी वाकलेली असेल, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल पण पायाचे रबर चारही शाबूत असतील, तर ते पडलेलं मशीन आहे, फ्रेम तिरकी झालीय, कधीच सुधारणार नाही. आणि काचेची गोल बटणं गायब असतील तर समजा कुणीतरी अंगठ्या-कानातली बनवायला काढून नेलीत, असे लोक आहेत, देव त्यांचं भलं करो.

घरी आणल्यावर पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे गंज सोडवायचा स्प्रे फसाफसा मारणं. नाही. दोन दिवस लोण्यासारखं चालेल आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त चिकटेल, कारण उरलेलं तेल धूळ धरतं. आधी कोरडी सफाई, रंगाचा ब्रश आणि कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा, आतून केस, खोडरबराचा चुरा, एकदा मला 25 पैशाचं नाणं आणि पोस्टाचं तिकीट मिळालं. मग टूथब्रशला टर्पेंटाईन लावून अक्षरांचे ठोकळे घासायचे, ओ, ई, ए यांच्या पोटात शाई साचून गोळा झालेली असते ती टाचणीने काढायची, पानावरचा फरक लगेच दिसेल. सेगमेंटच्या खाचांमध्ये लायटरमध्ये भरायचं पेट्रोल थेंब थेंब सोडायचं आणि ते बटण पन्नास वेळा मारायचं, पुसायचं, परत. हे काम गॅलरीत, पंखा नाही, गॅस नाही, उदबत्ती सुद्धा नाही. सेगमेंटला तेल कधीच नाही, थेंबभर शिवणयंत्राचं तेल फक्त कॅरेज ज्या पट्टीवरून सरकते तिथे, तेही सुई बुडवून.

बाहेरून साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेलं फडकं. स्पिरिट किंवा थिनर लावायच्या आधी कुठेतरी खाली, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा, मी एका मशीनच्या कपाळावरचं सोनेरी नाव एका फटकाऱ्यात पुसून टाकलंय आणि आता ते निनावी आहे. पायाचं रबर वितळलं असेल तर नळाचे वॉशर बसवा, हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा रुपयात. पेटीच्या किंवा बॉडीच्या आतला फोम काळ्या डांबरासारखा झाला असेल तर खरवडून टाका, तो गळून यंत्रणेत गेला तर डोक्याला ताप.

रिबनची काळजी करू नका, मिळते. बहुतेक मशीनना अर्धा इंच रुंदीचीच लागते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, रिबन एकच. फरक स्पूलमध्ये असतो, म्हणून जुने लोखंडी स्पूल कधीही फेकू नका, कितीही गंजलेले असोत, नवी रिबन आणून त्याच्यावर हाताने गुंडाळायची, बोटं काळी होतात, होऊ द्या. रिबनच्या टोकाशी एक बारीक धातूची कडी असते, ती असलेली घ्या, कारण बऱ्याच मशीनमध्ये ती कडी अडकली की रिबन आपोआप उलट दिशेने फिरायला लागते, कडी नसेल तर टोकाला जाऊन एकाच जागी मार खात बसते आणि फाटते. ऑफिसच्या मशीनसाठीची रिबन पोर्टेबलच्या छोट्या स्पूलवर पूर्ण मावत नाही, तेव्हा कापा आणि गरज असेल तर कडी परत लावा. कुठे मिळते विचाराल तर कोर्टाबाहेर किंवा रजिस्ट्रार ऑफिसबाहेर टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या काकांना विचारा. रिबन कुठून घेता आणि बिघडलं तर कोणाकडे नेता, हे दोनच प्रश्न. मला शहरातला एकमेव मेकॅनिक असाच मिळाला, सत्तरी ओलांडलेले, दुकान नाही, पिशवीत हत्यारं घेऊन घरी येतात आणि चहा झाल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत.

कुरियरने मागवत असाल तर विक्रेत्याला फोनवर तीन गोष्टी बजावून सांगा. कॅरेज मध्यावर आणून लॉक कर, लॉक नसेल तर दोन्ही बाजूंनी गच्च चिकटपट्टी मार, आणि पेटीत मशीन हलणार नाही अशी कपडे-कागद कोंबून ती पेटी दुसऱ्या खोक्यात घाल. माझं एक मशीन नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आलं, परतीचा दांडा मुळापासून तुटलेला, कुरियरवाल्याने विक्रेत्याकडे बोट दाखवलं, विक्रेत्याने कुरियरवाल्याकडे, पैसे गेले. अमेरिकेत वगैरे कुणी नातेवाईक असेल तर चांगलंच, तिकडे दान केलेल्या वस्तूंच्या दुकानात अजून बरे मिळतात, माझ्या मावसभावाने न्यू जर्सीतून पंचवीस डॉलरला स्मिथ-करोना घेतला आणि हातातल्या बॅगेत आणला. सिक्युरिटीवर दोनदा उघडायला लावला, तिसरा ऑफिसर बघायला आला आणि स्वतःचं नाव टाईप करून गेला. पण पोस्टाने मागवण्याच्या फंदात पडू नका, मशीनपेक्षा खर्च जास्त होतो आणि मग ते स्वस्त राहत नाही.

मशीन किती जुनं आहे ते बघायचं तर सिरियल नंबर शोधा, तळाला, कॅरेज बाजूला सारल्यावर खाली, किंवा स्पूलच्या झाकणाखाली. टाईपरायटर डेटाबेस नावाची साईट आहे, तिथे कंपनीवार नंबर आणि वर्षं दिलेली आहेत. हे विकत घेण्याआधी बाजारातच उभ्या उभ्या करा, 'ब्रिटिश टाईम' लगेच उतरतो.

वापरायच्या बाबतीत मी आईचं ऐकतो. आई सत्तरच्या दशकात इंग्रजी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली, नंतर नोकरीभर टायपिस्ट, आणलेलं प्रत्येक मशीन आधी तिच्यासमोर ठेवतो. ती बघत नाही, बसते, ए एस डी एफ जी एफ अशी एक ओळ मारते आणि निकाल देते. तिच्या मते पोर्टेबलवर स्पीड काढायच्या भानगडीत पडूच नये, काड्या एकमेकीत अडकतात, ऑफिसच्या मशीनसारखा मार सोसत नाही तो, एका लयीत मारायचं, भराभर नाही. शिफ्टवरूनही तिची वर्गवारी आहे. काही मशीनमध्ये शिफ्ट दाबली की अख्खी कॅरेज उचलली जाते, हर्मिस बेबी किंवा ऑलिंपिया एसएम 3 मध्ये तसं आहे, आणि काहींमध्ये कॅरेज जागेवर राहते आणि काड्यांचा संच खाली जातो, लेटेरा 22 किंवा ऑलिंपिया एसएम 9 सारखा. पहिल्या प्रकारात करंगळी दुखते. वयस्कर माणसासाठी किंवा लहान मुलासाठी घेत असाल तर दुसरा प्रकार बघा. मी अकरा मशीनं घेतल्यावर मला ही गोष्ट कळली, तिला पहिल्याच दिवशी करंगळीने सांगितली.

पावसाळ्यात ठेवायचं कसं हा शेवटचा प्रश्न, आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांसाठी तो सगळ्यात मोठा. पेटीत बंद करून माळ्यावर टाकलं की गेलं, पेटीच्या कापडाला बुरशी, कुबट वास, आणि तो वास मशीनला लागला की जात नाही. पेटी उन्हाळ्यात दोन दिवस उघडी करून उन्हात ठेवा, मशीन नाही, फक्त पेटी. जून ते सप्टेंबर मशीन पेटीबाहेर, वर एक जुनी सुती उशीची खोळ, जवळ सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातून येतात त्या जमवा. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी एक पान टाईप करा, सगळी बटणं हलली पाहिजेत. आमच्याकडे ते काम आईनेच घेतलंय, पाळीपाळीने एकेक मशीन काढते आणि वाण्याची यादी टाईप करते, इंग्रजीत, कारण देवनागरी पोर्टेबल अजून मला परवडलेला नाही. तूरडाळ टी-यू-आर, पुढे दोन किलो, बॅकस्पेस, खाडाखोड नाही. वाणी ती यादी दुकानातल्या देवाच्या फोटोखाली टाचून ठेवतो म्हणे.